२ चा ६७ वा घात वजा १ : सत्तावीस वर्षे न सापडलेले अवयव

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवण्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते. त्या ६४ घरांना आणखी तीन घरे जोडली, तर दाण्यांची एकूण संख्या २ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ इतकी होते. या एकवीस अंकी संख्येला गणिताच्या इतिहासात वेगळेच स्थान आहे.

फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ हे घेतले, तरच २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळते. एवढ्या मोठ्या संख्या तपासण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते, त्यामुळे यादीतला ६७ हा आकडा दोन शतकांहून अधिक काळ तसाच राहिला.

तो खोडला फ्रेंच गणिती एद्वार ल्युका यांनी, १८७६ मध्ये. अशी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणाऱ्या त्यांच्या कसोटीचे पुढे अमेरिकी गणिती लेमर यांनी सिद्ध केलेले रूप विलक्षण सोपे आहे: ४ पासून सुरुवात करावी, वर्ग करून २ वजा करावेत, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यावी आणि हीच कृती घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करावी; शेवटी शून्य उरले तरच ती संख्या मूळ. घातांक ५ असेल, तर ३१ साठी ४, १४, ८, ० अशी साखळी मिळते. या पद्धतीचे मर्म असे, की ती संख्या संयुक्त असल्याचे निःसंशय सांगते, पण तिच्या एकाही अवयवाचा पत्ता देत नाही. ६७ च्या बाबतीत नेमके हेच घडले.

अवयव शोधणे हे निराळेच काम होते. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव १३४ च्या कोणत्या तरी पटीहून १ ने मोठा असला पाहिजे आणि त्याला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरली पाहिजे, हे माहीत होते. तरीही लहान अवयव १३४ ची १४,४५,५८० वी पट ओलांडून दडलेला होता, आणि गणित सारे हातानेच करायचे होते.

अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत ते अवयव मांडले. असे सांगतात, की त्यांनी फळ्यावर एकीकडे २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावर एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले. या शोधाला तीन वर्षांचे रविवार लागल्याचे त्यांनी नंतर सांगितल्याची आठवणही नोंदलेली आहे.

मेर्सेन यांच्या यादीतील ६७ हा ६१ चा मुद्रणदोष असावा, असा एक तर्क आहे, कारण ६१ या घातांकाने खरोखरच मूळ संख्या मिळते. मात्र ६१ सोबत ८९ आणि १०७ हेही यादीतून सुटले होते, तर २५७ चुकून आला होता. २५७ पर्यंतचे सर्व घातांक तपासून पूर्ण व्हायला १९४७ साल उजाडले.