सुपरमार्केटमधील सामुदायिक उपक्रम

सुपरमार्केटच्या आवारात खरेदी-विक्रीखेरीज परिसरातील लोकांसाठी जे कार्यक्रम व ज्या सोयी चालविल्या जातात, त्यांना सामुदायिक उपक्रम म्हणतात. ज्येष्ठांसाठी गप्पांचा कोपरा, रक्तदाबाची तपासणी, लसीकरण, गरजूंसाठी शिधा गोळा करणे, स्थानिक संस्थांना देणगी मिळवून देणे अशी त्यांची अनेक रूपे आहेत.

या उपक्रमांचे महत्त्व कळण्यासाठी सुपरमार्केटने काय बदलले, हे पाहावे लागते. जुन्या पद्धतीच्या दुकानात गिऱ्हाईक फळीपुढे उभे राही आणि दुकानदार मागच्या मांडणीतून जिन्नस काढून, तोलून, पुडीत बांधून देई. तेवढ्या वेळात घरच्यांची विचारपूस सहज होऊन जाई. १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे स्वयंसेवा दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच माल निवडायचा आणि शेवटी पैसे भरायचे, अशी रचना होती. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन यांनी ‘किंग कलन’ सुरू केले आणि मोठी जागा, मोठी उलाढाल व कमी भाव हे सूत्र रूढ झाले. नोकरवर्गाचा खर्च वाचला आणि माल स्वस्त झाला, पण दुकानातले बोलणेही त्याबरोबर गेले. आजचे बहुतेक उपक्रम ही उणीव थोडीफार भरून काढण्याचा प्रयत्न आहेत.

दुकानाने लोकांच्या जीवनात भाग घ्यावा, ही कल्पना मात्र सुपरमार्केटहून जुनी आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये कामगारांनी उघडलेल्या सहकारी दुकानाने पुढे सभासदांसाठी वाचनालय चालविले आणि शिल्लक नफ्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी राखून ठेवली. तेथे दुकान सभासदांच्याच मालकीचे होते; आजच्या कंपन्यांच्या उपक्रमांत आणि त्यात हा मूलभूत फरक आहे.

अलीकडचे सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्समधील आहे. ‘युम्बो’ या साखळीने २०१९ मध्ये फ्लाइमेन येथील दुकानात ‘क्लेट्सकासा’, म्हणजे गप्पांचा गल्ला, सुरू केला. एकाकीपणाविरुद्धच्या सरकारी मोहिमेशी तो जोडलेला होता. घाई नसलेल्यांनी या रांगेत उभे राहायचे. गल्ल्यावरची व्यक्ती वस्तू एकेक करून यंत्रापुढे धरते, मध्येच थांबून ऐकते, उत्तर देते आणि मागच्या रांगेतून कोणी चुळबुळ करीत नाही, कारण तेही बोलायलाच आलेले असतात. इतर गल्ल्यांवर हाच संथपणा दोष ठरला असता. एकटे राहणाऱ्या वृद्धाला मदत मागायला जाणे अवघड वाटते, पण सामान आणायला जाणे अवघड वाटत नाही. या उपक्रमाचे खरे मर्म येथे आहे. २०२१ मध्ये दोनशे दुकानांत तो नेण्याचे कंपनीने जाहीर केले.

देणगीच्या पद्धतीही रोजच्या खरेदीत गुंफलेल्या असतात. ब्रिटनमध्ये ‘वेटरोज’च्या दुकानांत बिलाबरोबर मिळणारी हिरवी चकती गिऱ्हाईक दाराजवळच्या पारदर्शक पेट्यांपैकी एकीत टाकत असे व चकत्यांच्या प्रमाणात स्थानिक संस्थांना रक्कम मिळत असे. जपानमधील ‘इऑन’च्या दुकानांत दर महिन्याच्या ११ तारखेला पिवळी पावती मिळते, ती ज्या संस्थेच्या पेटीत टाकावी, त्या संस्थेला पावत्यांच्या एकूण रकमेच्या एक टक्का किमतीच्या वस्तू दिल्या जातात.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी घर व कामाचे ठिकाण यांपलीकडच्या बैठकीच्या जागेला ‘तिसरी जागा’ म्हटले. सुपरमार्केट तशी जागा अंशतःच होऊ शकते, कारण तेथे कोणी यावे आणि काय करावे हे मालक ठरवितो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये लोगन व्हॅली खटल्यात, खरेदी संकुलातील सुपरमार्केटपुढे निदर्शने करण्याचा कामगार संघटनेचा हक्क मान्य केला. १९७६ मध्ये मात्र ती भूमिका सोडून दिली. निरुपद्रवी कार्यक्रमांना जागा मिळते, पण मालकाच्या गैरसोयीच्या सभेला ती मिळेलच असे नाही, ही मर्यादा गंभीर आहे.

स्थानिक जीवनावरील परिणामही एकसारखा नसतो. एखाद्या दिवसाचा मेळावा गर्दी जमवितो आणि विसरला जातो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांच्या देखरेखीखाली चालणारा उपक्रम ओळखी निर्माण करतो आणि नेहमीचा माणूस दिसला नाही तर कोणीतरी चौकशी करते. मात्र परिसरातील वाचनालय किंवा समाजमंदिर बंद पडल्यावर सारा भार दुकानावर आला, तर ती सोय व्यापारी निर्णयावर अवलंबून राहते. तोट्यातील शाखा बंद होते, तेव्हा किराण्याबरोबर गप्पांचा कोपरा, सूचनाफलक आणि देणगीची पेटीही जाते.