एक्स्क्लुझिव्ह गेम : कन्सोल कंपन्यांचे प्रकाशन-धोरण

एखादा व्हिडिओ गेम एकाच कंपनीच्या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रावर) खेळता यावा आणि प्रतिस्पर्ध्याच्या कन्सोलवर येऊ नये, अशा बेताने केलेले प्रकाशन म्हणजे एक्स्क्लुझिव्ह. तोच गेम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर, बहुधा पीसीवरही, आणला तर तो मल्टिप्लॅटफॉर्म. या दोन टोकांच्या मधे बरेच काही बसते. ठरावीक मुदत संपली की दुसरीकडे जाणारा ‘टाइम्ड’ एक्स्क्लुझिव्ह असतो. पीसीवर मिळणारा, पण दुसऱ्या कन्सोलवर न मिळणारा ‘कन्सोल एक्स्क्लुझिव्ह’ असतो. कधी गेम सगळीकडे असतो, फक्त त्यातला एखादा तुकडा एका यंत्रापुरता राखलेला असतो. २००३ च्या सोलकॅलिबर २ मध्ये निंटेंडोच्या गेमक्यूबवर लिंक, सोनीच्या प्लेस्टेशन २ वर हेइहाची आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर स्पॉन असे तीन वेगवेगळे पाहुणे लढवय्ये होते. जाहिरातीत हे सगळे प्रकार ‘फक्त आमच्याकडे’ या एकाच आरोळीत मिसळून जातात, त्यामुळे खरी अट शोधायला बारीक अक्षरे वाचावी लागतात.

टोलनाक्याचा हिशोब

कन्सोलच्या पेटीवर कंपनीला फारसे सुटत नाही. नवी पिढी बाजारात येते तेव्हा तर ती पुष्कळदा तोट्यातच विकली जाते. पैसा येतो तो पुढे विकल्या जाणाऱ्या गेमवर. दुसऱ्या प्रकाशकाचा गेम कन्सोलच्या डिजिटल दुकानातून विकला गेला, की साधारण ३० टक्के रक्कम कन्सोलवाल्याकडे जाते. थोडक्यात, कन्सोल हा टोलनाका आहे आणि एक्स्क्लुझिव्ह गेम ही गाड्या त्या रस्त्याने वळवण्याची युक्ती. एका गेमसाठी यंत्र घेणारा माणूस पुढची काही वर्षे इतर गेमही त्याच दुकानातून घेतो, मित्रांसोबत ऑनलाइन खेळण्यासाठी वर्गणीही तिथेच भरतो. म्हणून एक्स्क्लुझिव्ह गेम स्वतःच्या विक्रीवर तोट्यात गेला तरी कंपनीच्या वहीत तो फायद्याचा ठरू शकतो.

उलट बाजूही तितकीच साधी आहे. स्वतःचा गेम प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात ठेवला तर नवे गिऱ्हाईक मिळते, पण टोल त्याच्या खिशात जातो, आणि आपले यंत्र घेण्याचे एक कारण कमी होते. कोणत्या कंपनीने केव्हा कोणते धोरण धरले, हे निष्ठा किंवा उदारपणा यांपेक्षा या वजाबाकीवरून अधिक नीट कळते.

सक्तीपासून खरेदीपर्यंत

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७७ साली आलेल्या अटारी २६०० चे गेम अटारीच करत असे. १९७९ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या प्रोग्रॅमरांनी ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्या यंत्रासाठी परस्पर गेम विकायला सुरुवात केली. अटारी कोर्टात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्यांचे गेम चालू राहिले. गंमत म्हणजे त्या काळात इंटेलिव्हिजन बनवणारी मॅटेल आणि कोलेकोव्हिजन बनवणारी कोलेको, दोघीही प्रतिस्पर्धी अटारीसाठी कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डब्या, विकत होत्या. कन्सोल कंपनीने दुसऱ्याच्या यंत्रावर जाणे ही आजची नवलाई मानली जाते, पण ती चाळीस वर्षे जुनी आहे. गेम यंत्र खपवतो हेही तेव्हाच दिसले होते: १९८० मध्ये स्पेस इन्व्हेडर्स घरी आला आणि केवळ तो खेळण्यासाठी लोकांनी अटारी घेतला.

१९८३ मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. त्या पडझडीतून निंटेंडोने धडा घेतला की दार उघडे ठेवायचे नाही. तिच्या एनईएस या कन्सोलमध्ये कुलुपाचे काम करणारी चिप होती. परवान्याशिवाय बनवलेले कार्ट्रिज यंत्र स्वीकारतच नसे. परवाना हवा तर वर्षाला पाचच गेम, कार्ट्रिजचे उत्पादन निंटेंडोकडूनच, आणि तो गेम दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही कन्सोलवर न्यायचा नाही. कोनामीने पाचाची मर्यादा चुकवण्यासाठी अल्ट्रा गेम्स या नावाची वेगळी पाटी लावली. या काळातील एक्स्क्लुझिव्हिटीसाठी निंटेंडोला पैसे मोजावे लागत नव्हते. बाजार तिच्या हातात असल्यामुळे ती अट म्हणून लादता येत होती. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मक्तेदारीविरोधी चौकशी आणि सेगाची वाढती स्पर्धा यांमुळे ही पकड सैल झाली.

पुढे काही वर्षे यंत्रांची बांधणीच वेगळेपण राखत होती. फायनल फँटसी ही मालिका निंटेंडोच्या यंत्रांवर वाढली, पण १९९७ चा सातवा भाग सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. निंटेंडो ६४ ने कार्ट्रिज सोडले नव्हते. मालिका बनवणाऱ्या स्क्वेअर कंपनीला हवी असलेली दृश्ये त्यात मावणारी नव्हती, सीडीवर मात्र ती मावत होती आणि सीडी स्वस्तही होती. प्लेस्टेशन २ आणि ३ यांची अंतर्गत रचना इतकी निराळी होती की दुसरीकडे पोर्ट करणे, म्हणजे गेम त्या यंत्राला नव्याने जुळवणे, हेच मोठे काम होते. आज ती भिंत पडली आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोन्हींत एएमडी या कंपनीच्या एकाच घराण्यातल्या चिप आहेत आणि त्या पीसीपासून फार लांब नाहीत. त्यामुळे थर्ड पार्टी, म्हणजे कन्सोल कंपनीबाहेरच्या, प्रकाशकाला एका यंत्रावर रोखायचे तर कोणाला तरी पैसे मोजावे लागतात.

किती, हे क्वचितच बाहेर येते. ग्रँड थेफ्ट ऑटो ४ च्या दोन पुरवणी भागांसाठी मायक्रोसॉफ्टने त्याच्या प्रकाशक टेक-टूला ५ कोटी डॉलर दिले, हा आकडा कंपनीच्या कागदपत्रांतूनच कळला. पैसे न देता नुसत्या शब्दावर विसंबले तर काय होते, ते निंटेंडोने कॅपकॉम या प्रकाशकाबाबत पाहिले. २००२ मध्ये कॅपकॉमने गेमक्यूबसाठी पाच गेम जाहीर केले. त्यांपैकी एक रद्द झाला, तीन दुसरीकडे गेले आणि एकटा पी.एन. ०३ तिथे उरला. रेसिडेंट ईव्हिल ४ प्लेस्टेशन २ वर येणार हे तर तो गेमक्यूबवर प्रकाशित होण्याआधीच सांगून टाकले होते. बायोनेटा २ ची गोष्ट याच्या उलट आहे. पहिला भाग प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर होता. दुसऱ्याला पैसा निंटेंडोने पुरवला, म्हणून तो २०१४ मध्ये तिच्या वी यू या कन्सोलवर आला. गेम ‘पळवला’ अशी ओरड झाली, पण त्या पैशाविना तो बनलाच नसता, हे ओरडणारे सोयीने विसरले.

सगळ्यात खात्रीचा मार्ग स्टुडिओच विकत घेण्याचा. हेलो हा गेम १९९९ मध्ये ॲपलच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात दाखवला गेला होता. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये बंजी हा स्टुडिओ घेतला आणि २००१ मध्ये हेलो पहिल्या एक्सबॉक्सचा चेहरा बनून आला. पुढच्याच वर्षी ३७.५ कोटी डॉलर देऊन तिने निंटेंडोच्या गोटातला रेअर स्टुडिओ घेतला. तो सौदा मात्र हेलोसारखा फळला नाही.

गळापेक्षा आमिष महाग

कन्सोल धंद्यातून बाहेर पडलेली कंपनी मल्टिप्लॅटफॉर्म होते, हे सेगाने २००१ मध्ये आपला ड्रीमकास्ट हा कन्सोल बंद करून दाखवले. वर्ष सरण्याच्या आत सोनिक जुन्या वैऱ्याच्या गेमक्यूबवर धावू लागला. पण धंद्यात टिकून असलेल्या कंपन्यांचेही गणित गेल्या काही वर्षांत फिरले, आणि त्याचे मुख्य कारण खर्च. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवर आकडे काळ्या मार्करने झाकले होते. स्कॅन केल्यावर ते खालून दिसले. द लास्ट ऑफ अस भाग २ ला सुमारे २२ कोटी आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला सुमारे २१.२ कोटी डॉलर लागले होते. एवढा पैसा एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांतून वसूल करायचा, तर ते यंत्र प्रत्येक पिढीत अधिकाधिक खपले पाहिजे, आणि तसे होत नाही.

सोनीने यावर काढलेला तोडगा म्हणजे उशीर. आधी प्लेस्टेशन, मग काही वर्षांनी पीसी. २०२० मध्ये होरायझन झीरो डॉन, २०२२ मध्ये गॉड ऑफ वॉर. कन्सोलवर पहिली विक्री ओसरली की पीसीवाल्यांकडून दुसरी. पीसीवर टोल व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या डिजिटल दुकानाला जातो. तो निदान मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलला बळ देत नाही. ऑनलाइन गेमला मात्र हा उशीर परवडत नाही, कारण तिथे खेळणाऱ्यांची गर्दी हेच भांडवल असते. म्हणून हेलडायव्हर्स २ फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि १२ आठवड्यांत त्याच्या १.२ कोटी प्रती गेल्या. त्यानंतर पीसीवाल्यांवर प्लेस्टेशनचे खाते उघडण्याची सक्ती करायला सोनी निघाली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये हा गेम एक्सबॉक्सवरही गेला. त्याआधीचा विचित्र प्रसंग २०२१ चा: सोनीच्याच स्टुडिओने केलेला बेसबॉलचा एमएलबी द शो २१ एक्सबॉक्सवर पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या गेम पास या वर्गणीत होता, तर प्लेस्टेशनवाल्यांना तो पूर्ण किंमत मोजून घ्यावा लागला.

मायक्रोसॉफ्टची वाट सर्वांत वाकडी. २०१४ मध्ये २५० कोटी डॉलरना घेतलेला माइनक्राफ्ट तिने सर्वत्र ठेवला. मग ७५० कोटींच्या सौद्यात बेथेस्डा या प्रकाशकाची मालक झेनीमॅक्स घेतली आणि २०२३ चा स्टारफील्ड एक्सबॉक्स व पीसीपुरता राखला. त्याआधी २०२१ मध्ये जुन्या कराराप्रमाणे झेनीमॅक्सचा डेथलूप मात्र प्लेस्टेशनवर आधी येऊन गेला होता, म्हणजे सोनीची टाइम्ड एक्स्क्लुझिव्हिटी मायक्रोसॉफ्टच पाळत होती. ६,८७० कोटी डॉलरचा ॲक्टिव्हिजन ब्लिझर्डचा सौदा जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तिची कॉल ऑफ ड्यूटी ही मालिका प्लेस्टेशनवरून जाईल का, हा प्रश्न नियामकांसमोर गेला. मायक्रोसॉफ्टने निंटेंडो आणि सोनीशी दहा-दहा वर्षांचे करार केले, ब्रिटनच्या नियामकाचे समाधान करण्यासाठी क्लाउडचे (इंटरनेटवरून गेम खेळू देण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या प्रकाशकाला दिले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सौदा पुरा झाला. एवढी मोठी खरेदी एका मागे पडलेल्या कन्सोलच्या विक्रीतून भरून निघणे शक्यच नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये चार गेम बाहेर पाठवण्याची घोषणा झाली, आणि बांध फुटला. इंडियाना जोन्स, फोर्झा होरायझन ५, गिअर्स ऑफ वॉर एकामागोमाग प्लेस्टेशन ५ वर पोचले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलोच्या नव्या आवृत्तीचेही नाव त्या यादीत आले. एक्सबॉक्सचा चाहतावर्ग यावर चिडला, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे: ज्या गेमसाठी त्यांनी यंत्र घेतले, ते आता यंत्र न घेणाऱ्यालाही मिळतात.

निंटेंडो या सगळ्यातून बाजूला उभी आहे. तिचे गेम तुलनेने कमी खर्चात होतात, किंमत वर्षानुवर्षे उतरत नाही, आणि यंत्रावरही ती सहसा नफा ठेवते. मारिओ कार्ट ८ डिलक्सच्या एकट्या निंटेंडो स्विच कन्सोलवर ६ कोटींहून अधिक प्रती खपल्या. ज्याचा गळ इतका स्वस्त आणि मासा इतका मोठा, त्याने पाणी बदलण्याचे कारण नाही. तरी तिच्याही वहीत अपवाद आहेत. १९९० च्या दशकात फिलिप्सच्या सीडी-आय यंत्रावर झेल्डा आणि मारिओ या पात्रांचे गेम निघाले (ते आठवणीत आहेत ते टवाळीसाठीच), २०१६ मध्ये सुपर मारिओ रन मोबाइलवर आला, आणि चीनमध्ये काही जुने वी गेम एनव्हिडियाच्या शील्ड या यंत्रावर विकले गेले.

थर्ड पार्टी प्रकाशकही आता एका दाराशी थांबायला फारसे राजी नसतात. फायनल फँटसी १६ प्लेस्टेशन ५ पुरता काढलेल्या स्क्वेअर एनिक्सने मे २०२४ मध्ये मल्टिप्लॅटफॉर्मकडे जोरात वळण्याचे जाहीर केले. जुन्या पद्धतीचे अवशेष मात्र जागोजागी आहेत. २०१५ चा ब्लडबोर्न सोनीने अजून पीसीवर आणलेला नाही, प्लेस्टेशन ४ वर तो सेकंदाला ३० फ्रेमच्या मर्यादेतच चालतो, आणि त्याहून वेगाने तो खेळू पाहणाऱ्यांनी हौशी मंडळींनी लिहिलेल्या एम्युलेटरची (पीसीवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमची) वाट धरली आहे.