रोबोला वाट शिकवणारा उंदीर

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये रोबोला जागा ओळखून देणारी ‘लेन्स’ ही प्रणाली मांडली. सुमारे ८ किलोमीटरच्या वाटेवर आपण कुठे आहोत हे ओळखायला तिला १८० किलोबाइट साठवणही लागत नाही. मोबाइलमधला एखादा फोटोसुद्धा याहून जड असतो. पण ही गोष्ट सुरू होते उंदरापासून.

लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या एका भागात, विशिष्ट जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. पुढे तोंड कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या पेशीही मिळाल्या. रोबोवाले मात्र तेव्हा लेझर आणि संभाव्यतेच्या गणितात रमलेले होते.

ब्रिस्बेनमध्ये मायकल मिलफर्ड आणि गॉर्डन वायेथ यांनी २००४ मध्ये ‘रॅटस्लॅम’ मांडले: उंदराच्या मेंदूवरून बेतलेली, रोबोला नकाशा काढू देणारी संगणक प्रणाली. सुरुवातीला त्यांनी जागेच्या आणि दिशेच्या संगणकी पेशी उंदरासारख्याच वेगळ्या ठेवून पाहिल्या, आणि तिथेच घोडे अडले. दोन जागा सारख्याच दिसल्या, की ‘इथे पूर्वेकडे तोंड’ आणि ‘तिथे उत्तरेकडे तोंड’ या दोन्ही शक्यता काही काळ जपाव्या लागतात. पेशी वेगळ्या असल्या, तर कोणती दिशा कोणत्या जागेची हेच कळेनासे होते. म्हणून त्यांनी दोन्हींची एकच पेशी केली. जीवशास्त्राशी ही सरळ फारकत होती. गंमत म्हणजे, नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेला २००५ मध्ये ग्रिड पेशी (जाळीसारख्या ठरावीक अंतरांवर चेतणाऱ्या) आणि २००६ मध्ये जागा-दिशा एकत्र सांगणाऱ्या पेशी उंदरातच सापडल्या. याला भाकीत म्हणणे जास्त होईल. पण अडचण एकच असली की उत्तरेही जवळ येतात, असे मला वाटते.

२००८ मध्ये याच जोडीने गाडीच्या टपावर लॅपटॉपचा साधा कॅमेरा ठेवून ब्रिस्बेनच्या सेंट लुशिया उपनगरात ६६ किलोमीटरच्या फेरीचा नकाशा काढला.

मेंदूची नक्कल झाली, तरी डोळा मात्र नेहमीचाच होता: प्रत्येक वेळी अख्खे चित्र टिपणारा. अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठात मिशा माहोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकातच सिलिकॉनचा दृष्टिपटल घडवायला घेतला होता. त्याच वळणाचा, फक्त उजेडातला बदल नोंदवणारा १२८ × १२८ पिक्सेलचा सेन्सर २००८ मध्ये झुरिकहून आला. समोर काहीच हलले नाही, तर तो जवळजवळ गप्प राहतो. म्हणून वीजही कमी लागते.

‘लेन्स’मध्ये असा डोळा आणि ठिणग्यांसारखे संकेत देणारे चेताजाल (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यासारखी रचना) एकाच चिपवर आले. मात्र आधी दाखवलेल्या जागाच ती ओळखते. ‘रॅटस्लॅम’सारखा नवा नकाशा काढणे तिच्या कामात येत नाही.