वायूंचे द्रवीकरण आणि क्रांतिक तापमानाचा शोध

मायकेल फॅरडे यांनी १८२३ मध्ये बंद काचनळीत क्लोरीन वायूचा द्रव केला, तेव्हा पुरेसा दाब दिला की कोणताही वायू द्रवरूप होईल, ही आशा बळावली. दाबाला उणे ११० अंश सेल्सिअसपर्यंतच्या थंडाव्याची जोड देऊन १८४५ पर्यंत त्यांनी आणखी अनेक वायू द्रवरूप केले. मात्र ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड काही केल्या बधेनात. यांपैकी काहींवर योहान नाटेरर यांनी व्हिएन्नात हजारो वातावरणांइतका दाब देऊन पाहिला, तोही व्यर्थ गेला, आणि या सहांना ‘स्थायी वायू’ म्हटले जाऊ लागले.

उत्तराचा धागा वास्तविक आधीच सापडला होता. शार्ल कान्यार द ला तूर यांनी १८२२ च्या सुमारास बंदुकीच्या नळीच्या तुकड्यात द्रव आणि गारगोटीची गोळी घालून तो पक्का बंद केला व तापवत हलवला. ठरावीक तापमानानंतर आतला आवाज पालटला, कारण तेथे द्रव उरलाच नव्हता.

या निरीक्षणाचा अर्थ बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी उलगडला, आणि या साऱ्या इतिहासात निर्णायक काम मला त्यांचेच वाटते. दाबाखाली अर्धवट द्रवरूप झालेला कार्बन डायऑक्साइड ते सावकाश तापवत गेले, तेव्हा द्रवाच्या पृष्ठभागाची वक्रता कमी होत गेली, सीमारेषा पुसट झाली आणि ३१ अंशांच्या आसपास नाहीशी झाली. त्यापुढे कितीही दाब दिला तरी द्रव वेगळा दिसेना. हे ‘क्रांतिक तापमान’ त्यांनी १८६९ मध्ये मांडले. त्याला वळसा घातल्यास, म्हणजे वायू या तापमानाच्या वर नेऊन दाबला आणि मग थंड केला तर, कोणतीही सीमा न ओलांडता त्याचा द्रव होतो, हेही त्यांनी दाखवले. रेणूंचे आकारमान आणि परस्पर आकर्षण हिशेबात घेऊन व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये त्याला सैद्धांतिक आधार दिला.

ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान उणे ११८ अंशांच्या जवळपास असल्याने फॅरडे यांना तो अवघ्या काही अंशांनी हुकला होता. १८७७ मध्ये काय्यते आणि पिक्टे यांना त्याचे द्रवीकरण साधले, १८९८ मध्ये ड्यूअर यांनी हायड्रोजनचे केले. १९०८ मध्ये लायडन येथे कॅमरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, पण कितीही थंड केला तरी तो गोठेना. १९२६ मध्ये केसोम यांनी तेथेच तो गोठवला, आणि त्यासाठी अतिशीत हेलियमवर २५ वातावरणांहून अधिक दाब द्यावा लागला.