जावात वेबपेज वाचायला डब्यात डबा का लागतो

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना वेबपेज वाचायचा हा प्रोग्राम कधी ना कधी लिहावा लागतोच. यूआरएलचा, म्हणजे वेबवरच्या पत्त्याचा, ऑब्जेक्ट बनवा, त्यावर ओपनस्ट्रीम मारा, ते इनपुटस्ट्रीमरीडरमध्ये घाला, तो परत बफर्डरीडरमध्ये आणि मग रीडलाइनचा व्हाइल लूप. एक पान वाचायला एवढा खटाटोप?

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा बाहेर काढली तेव्हा सोबत हॉटजावा नावाचा ब्राउजरपण होता, जावातच लिहिलेला, त्यामुळे नेटवरून काहीतरी ओढून आणणं हे या भाषेच्या घरचंच काम, आणि म्हणून १९९६ च्या जावा १.० पासून यूआरएल क्लास आहेच. सी भाषेत सॉकेट (नेटवरचं कनेक्शन) उघडा, रिक्वेस्ट हाताने लिहा, हेडर (उत्तराच्या सुरुवातीची माहिती) सोलून काढा, इथे ते सगळं ऑब्जेक्टच्या पोटात.

पण ओपनस्ट्रीममधून येतात ते नुसते बाइट्स, अक्षरं नाहीत. १.० मध्ये डेटाइनपुटस्ट्रीमची रीडलाइन वापरायचे, ती सरळ एका बाइटचं एक अक्षर करायची. इंग्रजीला चालून गेलं हो, पण 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये लिहायच्या पद्धतीत, १५ बाइट्सचा, म्हणजे १५ भलतीच चिन्हं! १९९७ च्या १.१ मध्ये रीडर क्लासेस आले आणि ती जुनी रीडलाइन डेप्रिकेट झाली, म्हणजे चालते पण वापरू नका असा शेरा बसला. मधला डबा, इनपुटस्ट्रीमरीडर, म्हणजे बाइट्सची अक्षरं करणारा दुभाषा आहे, बाहेरचा बफर्डरीडर फक्त ओळी जमवून देतो.

दुभाष्याला एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो मशीनचं डिफॉल्ट धरायचा, म्हणून तोच कोड लिनक्सवर नीट आणि विंडोजवर कचरा. डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८ व्हायला २०२२ चं जावा १८ उजाडलं.

यूआरएल क्लासची खरी घोडचूक मात्र इक्वल्स या तुलना करणाऱ्या मेथडमध्ये आहे. दोन पत्ते सारखे आहेत का बघायला तो होस्टचं (सर्व्हरचं) नाव डीएनएसला, म्हणजे नेटच्या नावं-पत्त्यांच्या डिरेक्टरीला, विचारतो, आयपी (सर्व्हरचा आकड्यातला पत्ता) एकच निघाला तर एकाच सर्व्हरवरच्या दोन वेगळ्या साइट्सपण त्याला एकच वाटतात. साध्या तुलनेसाठी नेटवर जायचं, कमाल आहे.

२०१८ च्या जावा ११ मध्ये वेबपेज आणायला एचटीटीपीक्लायंट हा क्लास आला, त्याच्याकडे स्ट्रिंग मागितली की तो एन्कोडिंग स्वतः हेडरमधून बघतो, तिथे नसेल तर यूटीएफ-८ धरतो. जावा २० पासून यूआरएलचे कन्स्ट्रक्टर डेप्रिकेटेड आहेत, आधी यूआरआय (पत्त्याचाच दुसरा क्लास) बनवा आणि त्याचा यूआरएल करा म्हणतात. ओपनस्ट्रीम अजून जागेवर आहे, जुना प्रोग्राम चालतो, कंपायलर तेवढा कुरकुरतो.