परदेशातलं जुनं खातं रिटर्नमधे दाखवायचं कसं? शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) कोणाला, कागद काय लागतात

स्विस बँक, पनामा म्हटलं की आपल्याला नेते आणि बिल्डर आठवतात, पण काळ्या पैशाचा २०१५ चा कायदा सिंगापूरला तीन वर्षं नोकरी करून, खातं बंद न करता पुण्याला परत आलेल्या माणसालाही लागू होतो, आणि तो माणूस मीच. खात्यात चारशे डॉलर पण नव्हते. घराचं डिपॉझिट परत यायचं होतं म्हणून चालू ठेवलं आणि विसरलो. सीएने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आयटीआर-१ जात राहिला. मग एक दिवस आयकर खात्याचा एसएमएस, परदेशी मालमत्तेची माहिती मिळाली आहे, रिटर्न तपासा.

कळतं कसं? शंभरहून जास्त देश एकमेकांना खात्यांची माहिती आपोआप पाठवतात, स्वित्झर्लंडकडून पहिला हप्ता सप्टेंबर २०१९ मधे आला. अमेरिकेशी २०१५ पासून वेगळा करार आहे. त्यामुळे "कोणाला कळतंय" हे विसरा.

आधी स्वतःचं रेसिडेन्सी स्टेटस काढा, सगळं त्याच्यावर आहे. शेड्यूल एफए फक्त निवासी आणि सर्वसाधारण निवासी असलेल्यांनी भरायचा. एनआरआयला नाही. मागच्या १० पैकी ९ वर्षं एनआरआय होतात किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ किंवा कमी दिवस होतात तर परत आल्यावरही साधारण दोनेक वर्षं एफए भरण्यातून सूट मिळते, दुबईत दहा वर्षं काढलेल्यांना हा फायदा होतो, माझ्यासारख्या तीन वर्षंवाल्याला नाही. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन दिवस मोजा, अंदाजाने नको. आणि हो, एनआरई, एनआरओ (एनआरआयसाठीची भारतीय बँकांतली खाती) भारतातलीच, ती इथे टाकायची नाहीत, बोटीवर काम करणारे कोकणातले, गोव्यातले बरेच जण इथे घोळ घालतात.

आयटीआर-१ आणि ४ चालत नाहीत, २ किंवा ३ घ्यायचा. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे वर्ष. उत्पन्न एप्रिल ते मार्च, पण एफए जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६ च्या रिटर्नमधे २०२४ चं कॅलेंडर वर्ष.

कागद: वर्षभराचं बँक स्टेटमेंट, खाते नंबर, बँकेचा पत्ता आणि झिप कोड, खातं उघडल्याची तारीख, वर्षातला सर्वात जास्त बॅलन्स, ३१ डिसेंबरचा बॅलन्स, व्याज. उघडल्याची तारीख मला कुठेच सापडेना, शेवटी बँकेच्या जुन्या वेलकम ईमेलमधे मिळाली. जास्तीत जास्त बॅलन्ससाठी पीडीएफ एकेक ओळ खाली सरकवत बघितली. रुपयात करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर), त्या त्या तारखेचा, गुगलचा नाही.

हिंजवडीतल्या आरएसयूवाल्यांनो (म्हणजे परदेशी कंपनीकडून शेअर्स मिळणाऱ्यांनो), वेस्ट झालेले, म्हणजे तुमच्या नावावर आलेले शेअर्स एफएच्या ए३ टेबलमधे, त्याच वर्षी विकले असले तरी. ब्रोकरचं स्टेटमेंट लागेल. अमेरिकेत डिव्हिडंडवर २५ टक्के कापले जातात, तो टॅक्स इथे वळता करून घ्यायचा तर शेड्यूल एफएसआय (परदेशी उत्पन्न), टीआर (तिथे भरलेला टॅक्स) आणि वेगळा फॉर्म ६७. हे उत्पन्न एफएमधे लिहिलं म्हणजे टॅक्सला धरलं गेलं असं होत नाही, एफएमधे आणि उत्पन्नात, दोन्हीकडे लिहायचं.

न दाखवल्यास दंड १० लाख, मालमत्ता कितीही छोटी असली तरी, असं पूर्वी होतं (फक्त बँक खात्यांना ५ लाखांपर्यंत सूट होती). १ ऑक्टोबर २०२४ पासून घर-जमीन सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला हा दंड नाही, पण दाखवायचं तर आहेच. लपवलेल्या पैशावर मात्र ३० टक्के कर, वर कराच्या तिप्पट दंड, आणि मुद्दाम केलं तर जेल.

चूक कळली तर मुदतीत रिवाइज्ड रिटर्न भरा आणि ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा. २०२४ च्या मोहिमेत एसएमएस गेल्यावर लोकांनी २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता दाखवली, म्हणजे विसरलेले आपण एकटेच नाही. मी भरला, मग मार्चमधे खातं बंद केलं आणि सुटलो म्हटलं, तर नवा सीए म्हणाला, जानेवारी ते मार्च खातं होतं ना, मग ते कॅलेंडर वर्ष ज्या रिटर्नमधे येतं त्यातही एक ओळ, क्लोजिंग बॅलन्स शून्य.