समष्टी-संकोच

शिकार, रोगराई किंवा अधिवासाचा नाश यांमुळे एखाद्या प्राणिजातीची संख्या अचानक घटून पुढची सारी संतती मोजक्या प्राण्यांपासून निपजते, तेव्हा त्या घटनेला समष्टी-संकोच किंवा बॉटलनेक म्हणतात. संख्या पुढे वाढली, तरी गमावलेली जनुकीय विविधता तिच्याबरोबर परतत नाही. ती उत्परिवर्तनांतून, म्हणजे जनुकांतील नव्या बदलांतून, अतिशय सावकाश भरून निघते.

दुर्मिळ युग्मविकल्पी, म्हणजे एकाच जनुकाची क्वचित आढळणारी रूपे, बहुधा सुरुवातीलाच नाहीसे होतात. विषमयुग्मजता, म्हणजे एकाच प्राण्यात एखाद्या जनुकाची दोन भिन्न रूपे असण्याचे प्रमाण, मात्र हळूहळू घटते. प्रजननात भाग घेणारे दहाच प्राणी उरले, तरी एका पिढीत ती सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होते. त्यामुळे नीचांकी संख्येइतकेच महत्त्व संख्या पुन्हा किती लवकर वाढते याला असल्याचे नेई, मारुयामा व चक्रवर्ती या जनुकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवले. नेपाळमधील चितवनचे एकशिंगी गेंडे १९६०च्या दशकात शंभरांच्या आत आले होते, तरी त्यांच्यातील विषमयुग्मजता बरीच टिकून होती. उत्तरी हत्ती-सील हा समुद्री सस्तन प्राणी तेलासाठी झालेल्या शिकारीने एकोणिसाव्या शतकाअखेर जवळजवळ संपला. आज त्याची संख्या लाखाहून अधिक असली, तरी १९७४ मध्ये तपासलेल्या २४ जनुकस्थानांपैकी (गुणसूत्रांवरील जनुकांच्या जागांपैकी) एकावरही भिन्नता आढळली नाही. या जातीत थोडेच नर बहुतेक माद्यांशी समागम करत असल्याने ‘परिणामी संख्या’, म्हणजे जनुकीयदृष्ट्या पुढच्या पिढीत खरोखर वाटा उचलणाऱ्यांची संख्या, शिरगणतीपेक्षा पुष्कळच कमी भरते.

चित्त्याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही. जनुकशास्त्रज्ञ ओब्रायन व सहकाऱ्यांना १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ५५ चित्त्यांत तपासलेली सर्व ४७ जनुकस्थाने एकरूप आढळली. पुढे नाते नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांच्या त्वचेचे रोपणही बहुतांशी स्वीकारले; जनुकीय साम्य नसेल, तर शरीर असे रोपण सहसा नाकारते. यावरून हिमयुगाच्या अखेरीस, अंदाजे १०,००० ते १२,००० वर्षांपूर्वी, तीव्र संकोच झाला असावा असे अनुमान निघाले. २०१५ च्या जीनोम-अभ्यासाने त्याला दुजोरा देऊन आणखी एक, एक लाख वर्षांहून जुना संकोच सुचवला. उलट, लहान लहान टोळ्या वारंवार नष्ट होऊन ती जागा शेजारच्या प्राण्यांनी व्यापत राहिल्यासही अशीच एकरूपता येते, असा जनुकशास्त्रज्ञ हेड्रिक यांचा आक्षेप आहे. तो सहज बाजूस सारता येत नाही, कारण कमी विविधता हा एकट्या संकोचाचा पुरावा ठरत नाही. कालनिर्णयही उत्परिवर्तनाच्या गृहीत दरावर अवलंबून आहे. शिवाय टांझानियातील सेरेंगेटीत चित्त्यांच्या पिल्लांच्या मृत्यूंमागे जनुकीय दोषापेक्षा सिंहांचे हल्ले अधिक असल्याचे क्षेत्रीय निरीक्षणांत दिसले.

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या प्यूमांत (मार्जार कुळातील एक मोठा प्राणी) मात्र अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातील प्रजननाचे, दुष्परिणाम स्पष्ट होते: मुडपलेले शेपूट, पोटात अडकलेले वृषण, सदोष शुक्राणू. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्यावर संकरित पिढीत हे दोष घटले आणि संख्या वाढली.